नदी नुसती मोठी असून 'मायटी' होत नाही

इंग्रजीत प्रवासावरचं किंवा भूगोलावरचं काहीही वाचायला घ्या. नदी मोठी असेल तर तिच्या नावाआधी एक शब्द हमखास येतो. द मायटी मिसिसिपी, द मायटी ॲमेझॉन, द मायटी काँगो, द मायटी ब्रह्मपुत्र. विशिष्ट नदीचं नाव घ्यायचं नसेल तर नुसतंच 'अ मायटी रिव्हर'. शब्दकोशात अर्थ दिलेला असतो: बलवान, सामर्थ्यशाली, प्रचंड. अर्थ चुकीचा नाही, पण तो उचलून तसाच मराठी वाक्यात बसवला की काय होतं, याचा अनुभव मी घेतलेला आहे. वाफेच्या बोटी चालवणाऱ्या कप्तानांवरच्या एका लेखाचं भाषांतर करताना मी 'बलवान मिसिसिपी नदी' असं लिहून मोकळी झाले होते. संपादकांनी 'बलवान'भोवती लाल गोल काढला आणि समासात दोनच शब्द लिहिले: 'कुस्ती कोणाशी?'

गोल योग्य जागी होता. 'मायटी' हे नदीचं वर्णन कमी आणि बिरुद जास्त. पेशव्यांच्या नावाआधी 'श्रीमंत' लागतं, त्याचा तिजोरीतल्या शिलकेशी संबंध नसतो. कर्जात बुडालेला पेशवाही श्रीमंतच. तसंच हे. नदीचं नाव उच्चारण्याआधी इंग्रजी माणूस अदबीने टोपी काढतो, त्या टोपी काढण्याचं नाव 'मायटी'. पण बिरुद झालं तरी ते उगाच कोणाला चिकटत नाही, आणि ते कशामुळे चिकटतं हे शब्दाच्या पोटात शिरल्यावर कळतं.

शब्द अस्सल इंग्रजी आहे, लॅटिन-फ्रेंचकडून उसना आणलेला नाही. प्राचीन इंग्रजीत त्याचा उच्चार 'मिख्तिग'च्या जवळपास होता. जर्मनमधला 'मेख्टिख' हा त्याचा भाऊ. मधला तो घशातला 'ख' इंग्रजांच्या तोंडून कधीच गळून गेला, स्पेलिंगमध्ये मात्र 'जीएच' होऊन बसून राहिला. म्हणून लिहायचं एक आणि वाचायचं 'मायटी'. याचं मूळ आणि 'मे', 'माइट' या सहायक क्रियापदांचं मूळ एकच आहे: 'शकणे', 'समर्थ असणे'. म्हणजे 'मायटी' हा शब्द मुळात आकाराचा नाहीच, शकण्याचा आहे. मराठीत याच्या सर्वात जवळ जाणारा शब्द मला 'धमक' वाटतो. मोठं असणं वेगळं, धमक असणं वेगळं.

हे एकदा ध्यानात आलं की मोठ्या नद्यांसाठीचे इतर इंग्रजी शब्द आपोआप वेगळे होतात. 'लाँग' म्हणजे लांबी. मोजपट्टी लावा, वाद संपला. (खरं तर संपत नाही. नाईल लांब की ॲमेझॉन, हा वाद अजून चालूच आहे, कारण उगम नेमका कुठला धरायचा यावर एकमत नाही.) 'लार्ज रिव्हर' हा शास्त्रज्ञांचा शब्द. त्यांना विसर्ग लागतो, खोऱ्याचं क्षेत्रफळ लागतं, प्रवाहाची श्रेणी लागते. ही श्रेणी काढायची एक पद्धत आहे. उगमापाशी निघालेला ओहोळ पहिल्या श्रेणीचा. पहिल्या श्रेणीचे दोन ओहोळ मिळाले की दुसरी, दुसऱ्या श्रेणीचे दोन प्रवाह मिळाले की तिसरी. असं चढत गेलं की ॲमेझॉन १२ व्या श्रेणीला पोहोचते, मिसिसिपी १० व्या. शोधनिबंधात या आकड्यांना किंमत असते, 'मायटी'ला नाही. तिथे हा शब्द लिहिला तर निबंध तपासणारा पहिला प्रश्न विचारेल, 'किती घनमीटर?'

'मेजर रिव्हर' मात्र फसवा शब्द आहे. मराठीत आपण त्याला 'प्रमुख नदी' म्हणतो आणि डोळ्यांसमोर विशाल पात्र आणतो. पण 'मेजर'मध्ये महत्त्व आहे, पाणी असेलच असं नाही. जॉर्डन नदी घ्या. लांबी जेमतेम अडीचशे किलोमीटर, पात्र बहुतेक ठिकाणी अरुंद. पश्चिम आशियाच्या कुठल्याही नकाशावर आणि कुठल्याही पाणीवाटपाच्या बैठकीत ती 'मेजर' आहे. तिला 'मायटी' म्हणायला मात्र भाविकाचे डोळे हवेत.

आणि 'ग्रेट रिव्हर'? हा शब्द मजेदार आहे, कारण तो जगभर नद्यांच्या नावांतच दडून बसलेला आहे. 'रिओ ग्रांदे' म्हणजे स्पॅनिशमध्ये थोरली नदी. स्पेनमधल्या ग्वादालकिवीरचं नाव अरबी 'अल-वादी अल-कबीर'वरून आलं; 'कबीर' म्हणजे मोठा, तेव्हा तीही थोरली नदीच. नायजर नदीच्या नावामागे सहारातल्या तुआरेग लोकांच्या भाषेतला 'नद्यांची नदी' हा शब्दप्रयोग असल्याचं मानतात. काँगोच्या मुखाशी पोर्तुगीज आले तेव्हा त्यांनी 'सगळ्या नद्या गिळणारी नदी' अशा अर्थाचा स्थानिक शब्द ऐकला आणि आपल्या तोंडात बसेल तसा 'झाईर' करून टाकला. पुढे १९७१ ते १९९७ या काळात एका अख्ख्या देशाचं नाव तेच होतं. काठावरच्या माणसाला नदीचं नाव ठेवायला फार कल्पना लढवावी लागत नाही. त्याला दिसणारी सर्वात मोठी गोष्ट तीच असते, तो तिला 'मोठी' म्हणतो आणि कामाला लागतो.

मिसिसिपीचंही तेच. ओजिब्वे या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत 'मिसि-झीबी' म्हणजे महानदी. तेव्हा 'द मायटी मिसिसिपी रिव्हर' याचं शब्दशः मराठी 'प्रतापी महानदी नदी' असं होईल. एका नदीला तीन वेळा नमस्कार.

तरीही इंग्रजीत हे बिरुद सर्वात घट्ट चिकटलं ते मिसिसिपीलाच. यातला निम्मा वाटा निव्वळ अनुप्रासाचा आहे, हे कबूल करायला हवं. 'म'वरून 'म' आला की जिभेला सोपं जातं. मायटी मिसिसिपी, मायटी मिझुरी, मायटी मेकाँग. 'मायटी डॅन्यूब' म्हणायला कोणी अडवत नाही, पण ते तितकंसं घोळत नाही. उरलेला निम्मा वाटा मात्र त्या नदीने स्वतः मिळवला आहे.

मिळवला म्हणताना एक घोळ आधी सांगते. अमेरिकेत इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकाला केरो नावाचं गाव आहे. लिहिताना इजिप्तच्या कैरोसारखंच लिहितात, तिथले लोक म्हणतात केरो. इथे ओहायो नदी मिसिसिपीला मिळते. संगमापाशी सरासरी काढली तर ओहायोचं पाणी मिसिसिपीपेक्षा जास्त भरतं. त्याच्याही वर, सेंट लुइसजवळ, मिझुरी येऊन मिळते. ती लांबीला मिसिसिपीच्या तोडीस तोड, किंबहुना किंचित जास्तच. म्हणजे पाण्याचा हिशेब धरला तर मुख्य नदी ओहायो, लांबीचा धरला तर मिझुरी, आणि 'मायटी' मात्र मिसिसिपी. मोजमापाच्या न्यायालयात हा दावा टिकणार नाही. बिरुदं अशीच मिळतात. एकदा नाव झालं की उपनद्यांचं कर्तृत्वही त्याच खात्यात जमा होतं.

मिनेसोटा राज्यातल्या इटास्का तळ्यापाशी, जिथे मिसिसिपी सुरू होते, तिथे तर 'मायटी' म्हटलं तर हसू येईल. तळ्याच्या काठाला दगडांची एक ओळ आहे. तळ्याचं पाणी त्या दगडांच्या फटींतून खळखळत पलीकडे उतरतं आणि तिथून पुढे त्याला मिसिसिपी म्हणतात. रुंदी वीस ते तीस फूट, खोली गुडघ्याएवढी. मुलं दगडांवरून उड्या मारत नदी पार करतात, एखादं मूल घसरून पडतं, उठतं आणि ओल्या चड्डीने पुन्हा उड्या मारायला लागतं. त्या मुलाच्या पायावरून गेलेलं पाणी मेक्सिकोच्या आखातात पोहोचायला सुमारे तीन महिने लागतात. वाटेत अमेरिकेतल्या ३१ राज्यांचं आणि कॅनडातल्या दोन प्रांतांचं पाणी त्याला येऊन मिळतं.

धमक खाली दिसते. १८११ च्या डिसेंबरपासून १८१२ च्या फेब्रुवारीपर्यंत मिसिसिपीकाठच्या न्यू माद्रिद गावाच्या परिसरात भूकंपांची मालिका झाली. ७ फेब्रुवारीच्या धक्क्यात तळ इतका उचलला गेला की नदी काही काळ उलटी वाहिल्याचं काठावरच्यांनी पाहिलं. त्याच हिवाळ्यात 'न्यू ऑर्लिन्स' नावाची वाफेची बोट ओहायोतून मिसिसिपीत उतरून खाली निघाली होती. या नद्यांवरची ती पहिलीच वाफेची बोट, आणि तिच्या नशिबी याच मालिकेतले आधीचे धक्के आले. बोट तरली, जानेवारीत मुक्कामी पोहोचली. पण रात्री ज्या बेटाला बांधावं ते सकाळी जागेवर असेलच असं नाही, अशी ती नदी.

मग १९२७. महिनोन् महिने पाऊस, तटबंध भिजून भुसभुशीत झालेले, आणि २१ एप्रिलला मिसिसिपी राज्यात माउंड लँडिंगपाशी तट फुटला. एकूण सुमारे ७०,००० चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली, सहा लाखांहून जास्त माणसं बेघर झाली. नुसते तट उंच करत गेलं की नदी काबूत राहते, ही समजूत त्या पाण्याबरोबर वाहून गेली. पुढच्याच वर्षी पूरनियंत्रणाचा नवा कायदा झाला. त्यात तटांच्या जोडीला पाणी बाजूला सोडून देण्याच्या वाटा आल्या. नदीला आडवं जायचं नाही, तिला जरा बाजू द्यायची.

याहून मोठी झुंज आज रोज चालू आहे, पण ती फारशी कोणाला दिसत नाही. मिसिसिपीला तिचं सध्याचं पात्र सोडून अचाफलाया नावाच्या आखूड वाटेने समुद्र गाठायचा आहे. गाळ साचून पात्र लांब आणि सपाट झालं की नद्या असंच करतात. मिसिसिपीनेही गेल्या काही हजार वर्षांत अनेकदा मुख बदललं आहे. या वेळी तसं झालं तर न्यू ऑर्लिन्ससारखी बंदरं मोठ्या नदीऐवजी एका मचूळ खाडीच्या काठावर येतील. म्हणून १९६३ पासून, या दोन वाटा फुटतात तिथे, दरवाजांचं एक अवाढव्य बांधकाम राबतं आहे. सुमारे ३० टक्के पाणी अचाफलायाला, ७० टक्के मुख्य पात्राला, असा वाटा कायद्याने ठरवलेला आहे. नदी कायदा वाचत नाही, त्यामुळे अभियंत्यांना तो तिच्याकडून रोज वाचून घ्यावा लागतो. 'मायटी' म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी लांबी-रुंदी सांगणार नाही, हे दरवाजे दाखवीन.

ॲमेझॉनचं 'मायटी'पण वेगळ्या जातीचं. तिथे झुंजच नाही, कारण समोर कोणी उभंच राहत नाही. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात जेवढं पाणी ओततात त्याचा सुमारे पाचवा हिस्सा ही एकटी ओतते, सेकंदाला दोन लाख घनमीटरच्या आसपास. १५०० साली पिन्सोन हा स्पॅनिश दर्यावर्दी तिच्या मुखाबाहेर पोहोचला तेव्हा जमीन दिसत नव्हती, पण पोहऱ्यात वर आलेलं पाणी गोडं होतं. त्याने त्या भागाला नाव दिलं, गोडा समुद्र.

शब्दाच्या वापराबद्दल थोडं. इंग्रजीत नदीच्या नावाआधी 'द' लागतोच आणि 'मायटी' त्या 'द'च्या नंतर, नावाच्या आधी बसतो. त्याची ही जागा ठरलेली आहे. 'द मिसिसिपी इज मायटी' असं लिहिलं तर व्याकरण शुद्ध, पण बिरुद गेलं. ते एकदम साधं विधान होतं आणि जरा बालबोध वाटतं. 'श्रीमंत बाजीराव' आणि 'बाजीराव श्रीमंत होते' यांत जेवढा फरक, तेवढाच. समुद्राला, वादळाला, ओक वृक्षाला 'मायटी' चालतं. तळ्याला सहसा लावत नाहीत, मग ते केवढंही अवाढव्य असो. पाणी साठलेलं असलं की मोठेपण 'ग्रेट' होतं, वाहायला लागलं की 'मायटी'. उत्तर अमेरिकेतली पाच सरोवरं म्हणूनच 'ग्रेट लेक्स'.

माणसाला लावलं तर जपून. 'हाय अँड मायटी' म्हणजे सामर्थ्यवान नव्हे, तोऱ्यात वावरणारा, नाकाने कांदे सोलणारा. अमेरिकेत बोलताना 'मायटी कोल्ड' म्हणजे नुसतंच 'भलतीच थंडी'. आणि उपरोधाची सोय तर या शब्दात जन्मजातच आहे. एखाद्या घोट्याएवढ्या ओढ्याला 'द मायटी अमुकतमुक' म्हटलं की समोरचा ओळखतो, थट्टा चालली आहे. २०२२ च्या शरद ऋतूत मिसिसिपी इतकी आटली की मेम्फिस शहरात पाणीपातळी शून्याच्या १० फूट खाली नोंदली गेली, मालाचे तराफे गाळात रुतले, आणि 'नॉट सो मायटी' हे मथळे बातम्यांत झळकले. (शून्याच्या खाली म्हणजे नदी कोरडी नव्हे. मोजपट्टीवरचं शून्य ही पूर्वी ठरवलेली एक खूण असते, नदीचा तळ नसतो.) बिरुद असल्याशिवाय ते काढून घेण्यातली गंमत येत नाही.

एक उदाहरण मात्र गंभीर आहे, आणि माझ्या मते 'मायटी'च्या भाषांतराचा सर्वात चांगला धडा त्यातच आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये आमोस संदेष्ट्याच्या तोंडी न्याय आणि नीती पाण्यासारखी वाहू देण्याची मागणी आहे, आणि त्या ओघाला शब्द योजला आहे 'मायटी स्ट्रीम'. २८ ऑगस्ट १९६३ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांनी वॉशिंग्टनच्या भाषणात हीच प्रतिमा घेतली. अलाबामातल्या माँटगोमेरीत नागरी हक्कांच्या लढ्याचं स्मारक आहे, तिथे काळ्या दगडाच्या भिंतीवर हे शब्द कोरलेले आहेत आणि त्यांच्यावरून खरोखरच पाण्याचा पातळ पडदा सतत ओघळत असतो. आता मूळ हिब्रू शब्द पाहा: 'नहल एतान'. 'नहल' म्हणजे ओढा, आणि 'एतान' म्हणजे टिकून राहणारा, न खंडणारा. त्या कोरड्या प्रदेशातले बहुतेक ओढे पावसापुरते वाहतात. तिथे ओढ्याची धमक रुंदीवर ठरत नाही, उन्हाळ्यात तो वाहतो का, यावर ठरते. नंतरच्या इंग्रजी भाषांतरांनी 'मायटी' सोडून 'सतत वाहणारा' अशा अर्थाचे शब्द घेतले. आपल्याकडे तर त्यासाठी रोजच्या वापरातला एकच शब्द तयार आहे: बारमाही.

म्हणून 'मायटी'ला मराठीत एकच ठरलेला प्रतिशब्द शोधत बसू नये. 'महानदी' म्हणावं तर त्या नावाची नदी आहे, वाचक थेट ओडिशात पोहोचतो. 'महानद' हा शब्द देखणा आहे, पण 'नद' पुल्लिंगी. ब्रह्मपुत्र, सिंधू, शोण यांना परंपरेने नद म्हटलं जातं, तिथे तो शोभतो: 'ब्रह्मपुत्र महानद'. ॲमेझॉनला मात्र मराठीत आपण 'ती' म्हणतो, तिला अचानक 'तो' करता येत नाही. 'प्रचंड' दर तिसऱ्या ओळीत वापरून गुळगुळीत झाला आहे. 'अजस्र', 'अफाट', 'विराट' हे चालतात, पण प्रत्येकाची चव वेगळी. नदीच्या रुंदीबद्दल वाक्य असेल तर 'अफाट', पुराबद्दल असेल तर 'रोरावती', तिच्या मानाबद्दल असेल तर 'थोर'. आणि वाक्याला गरज नसेल तर 'मायटी' गाळून टाकावा. नदी त्यामुळे लहान होत नाही.

कधी कधी तो शब्द वाक्याच्या वळणातच मुरवता येतो, आणि हे मला सर्वात मराठी वाटतं. समजा मूळ वाक्य असं आहे की ओबिडोस गावापाशी द मायटी ॲमेझॉन अरुंद होते. 'बलाढ्य ॲमेझॉन ओबिडोसपाशी अरुंद होते' हे झालं शब्दाला शब्द. 'एवढी अफाट ॲमेझॉन, पण ओबिडोसपाशी तीही अंग चोरते' हे झालं मराठी. इथे 'मायटी'चं काम 'अफाट'पेक्षा 'एवढी' आणि 'तीही' या दोन बारक्या शब्दांनी केलं आहे. त्या 'ही'त सगळा मान आहे. (अंग चोरूनही पात्र पावणेदोन-दोन किलोमीटर असतंच.)

संपादकांचा तो लाल गोल मी दोन दिवस टेबलावर ठेवला होता. मूळ वाक्य साधंच होतं, अनुभवी कप्तानही मायटी मिसिसिपीला वचकून असत, एवढंच. तिसऱ्या दिवशी 'बलवान' खोडलं, त्याजागी दुसरं कुठलंही विशेषण घातलं नाही, आणि वाक्य असं करून पाठवलं: 'भल्याभल्या कप्तानांना मिसिसिपी घाम फोडायची.' या वेळी समासात काही लिहून आलं नाही.